कंपनी विकली, कानाचे काय?

सीमेन्सने श्रवणयंत्रांचा व्यवसाय २०१५ मध्ये विकला. २०१९ मध्ये त्याचे डेन्मार्कच्या वाइडेक्सशी विलीनीकरण झाले. सेनहायझरचा हेडफोनचा व्यवसाय २०२२ मध्ये श्रवणयंत्रे बनवणाऱ्या सोनोव्हाने घेतला. मोठ्या भांडवलाने संशोधनाला बळ मिळते, हे खरे. पण यंत्र कानाला लावले की उपचार संपत नाही. ऐकू येणे वयानुसार कमी होते, यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागते. जुने मॉडेल बंद होऊन सुटे भाग मिळेनासे झाले, तर बीडच्या खेड्यातल्या आजोबांचे यंत्र कपाटात जाते आणि ते माणसांत असूनही एकटे पडतात. म्हणून केवळ नाव पाहून यंत्र घेऊ नये. दुरुस्ती कुठे होईल, सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे लेखी घ्यावे. मालक बदलला तरी ही जबाबदारी नव्या मालकावर कायद्यानेच असायला हवी.