ताण झाडाला, ताण बाईला

काटोलला आमच्या संत्र्यांना आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात. हलक्या जमिनीत दिवस कमी, भारी जमिनीत जास्त. रोगट झाडाला मात्र कुणी ताण देत नाही.

मग बाईलाच का? मला मधुमेह आहे. आज बरी, उद्याचा भरवसा नाही. तरी दशलक्षणात विचारणा होतेच, "काकू, यंदा किती उपवास?" गेल्या वर्षी लाजेखातर धरले आणि पाचव्या दिवशी मंदिराच्या पायरीवर चक्कर येऊन पडले.

सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे. तप शक्तीप्रमाणेच. उपवास मोजून सत्कार करणं थांबवा. बारा तपांत स्वाध्यायही आहे. तो वेळेवर जेवून, गोळी घेऊनही होतो.