भुतांचा वारसाहक्क

इसाबेल अलेंदे यांची ‘द हाउस ऑफ द स्पिरिट्स’ ही कादंबरी १९८२ साली स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाली आणि मॅग्डा बोगिन यांच्या १९८५ च्या अनुवादामुळे इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली. तिच्याविषयी प्रामुख्याने दोन भूमिका घेतल्या जातात. एकीच्या मते ती गार्सिया मार्केझ यांच्या १९६७ च्या कुलकथेची नक्कल आहे. दुसरीच्या मते ती पुरुषसत्ताक इतिहासाला स्त्रीवंशाने दिलेले उत्तर आहे. या दोहोंच्या मध्ये अडखळणाऱ्या, काही भागांनी भारावलेल्या आणि काही भागांनी अस्वस्थ झालेल्या वाचकाला अनिश्चित मनाचा समजले जाते. वस्तुतः या कृतीपुरते संमिश्र मत हेच नेमके मत होय. तिचे बळ आणि तिचे वैगुण्य एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे तिच्यातील भुते.

नकलेचा आक्षेप फार काळ रेंगाळत ठेवण्याजोगा नाही. हिरव्या केसांची रोसा, पिढ्यांचा विस्तार, अद्भुताविषयीचा निर्विकार सूर ही साम्ये उघड आहेत. परंतु प्रभाव हा दोष नव्हे. तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताच्या मुळाशी जी वाचकाची द्विधा दाखविली, तिलाही येथे वाव नाही. क्लारा हात न लावता मीठदाणी सरकवते आणि घराला त्याची सवय होते. म्हणून भूत खरे की भास, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. विचारायला हवे ते हे, की मेलेल्यांपैकी कोण परत येते, कोणाकडे येते आणि काय मागते?

कादंबरीला हा प्रश्न कळतो याचा उत्तम पुरावा फेरुलाच्या प्रसंगात आहे. एस्तेबान त्रुएबाने घराबाहेर काढलेली ही त्याची बहीण एके रात्री सगळे जेवायला बसलेले असताना येते, क्लाराच्या कपाळाचे चुंबन घेते आणि निघून जाते. ती मेली आहे, हे क्लाराच सांगते. शोध घेतल्यावर तिचे प्रेत दरिद्री वस्तीत सापडते. घराने नाकारलेली स्त्री घराच्या जेवणाच्या टेबलापाशी येऊन आपला हक्क नोंदवते. तिच्या शापानुसार भावाचा देह आक्रसत जातो, निदान त्याची तशी खात्री असते. येथे अद्भुत अलंकार म्हणून येत नाही. ते थकलेल्या देण्याची वसुली करते.

मग पांचा गार्सियाचे काय? त्रेस मारियास या जमिनीवर मालक त्रुएबाने जिच्यावर बलात्कार केला, ती ही कुळाची पोर. तिचा मुलगा बापाच्या नावाला पारखा राहतो. मरण्यापूर्वी ती नातवाच्या मनात हिरावलेल्या वारशाची गोष्ट पेरून जाते. हाच नातू, एस्तेबान गार्सिया, सत्तापालटानंतर आल्बाचा छळ करतो. कादंबरीतील सर्वांत मोठे देणे पांचाचे आहे. तरीही ती भूत होऊन परतत नाही.

समर्थक म्हणतात की, १९७३ च्या चिलीतील सत्तापालटाची छाया कथेवर पडू लागते तशी भुते मागे सरतात, कारण वास्तवच अद्भुतापलीकडे भीषण झालेले असते. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण संहिता त्याला साथ देत नाही. आल्बा कोठडीत मरणाची वाट पाहत असताना मृत क्लारा तिच्यापाशी येते आणि तिला जगायला, लिहायला सांगते. म्हणजे भुते निघून गेलेली नाहीत. ती केवळ आपल्या घरच्यांसाठी उरली आहेत.

निवेदक आल्बा आणि त्रुएबा असल्यामुळे कुळांची भुते त्यांना दिसणार नाहीत, असा आणखी एक बचाव संभवतो. तो ग्राह्य मानण्यासाठी ही दृष्टिमर्यादा कादंबरीने उघडी पाडायला हवी होती. त्रुएबाच्या निवेदनाबाबत ती हे काम समर्थपणे करते. आपण चांगले मालक होतो ही त्याची फुशारकी त्याच्यावरच उलटते. आल्बाच्या निवेदनाला मात्र असा उपरोध शिवत नाही.

तुलनेसाठी हुआन रुल्फो यांची १९५५ ची ‘पेद्रो पारामो’ घ्यावी. तेथेही जमीनदार आहे, त्याची अनौरस संतती आहे; पण कोमालात मेलेला सारा गाव बोलतो. बापाच्या शोधात आलेल्या हुआन प्रेसियादोच्या थडग्यात दरिद्री दोरोतेआलाही जागा आणि वाणी मिळते. टोनी मॉरिसन यांच्या १९८७ च्या ‘बिलव्हड’मध्ये गुलामीतून वाचविण्यासाठी आईनेच मारलेली मुलगी परतते, आणि घरातील भूत एका व्यवस्थेचा गुन्हा होऊन उभे राहते. या दोन्ही कृतींत मेल्यावर बोलण्याचा हक्क वाडवडिलांच्या मिळकतीबरोबर चालत येत नाही.

अलेंदे यांनी ही कादंबरी ८ जानेवारी १९८१ रोजी काराकासमध्ये, मरणासन्न आजोबांना लिहिलेल्या पत्राच्या रूपाने सुरू केली. आपल्या माणसांना विस्मृतीतून राखण्याची ही ओढ तिला जिव्हाळा देते, आणि तिच्या कुंपणाचे मूळही तेथेच आहे. आजोबांनी पांचावर केलेल्या अत्याचारापासून आपल्या छळापर्यंत आलेली साखळी आल्बा ओळखते आणि सूड नाकारते, हे नैतिक धैर्य कमी लेखता येणार नाही. परंतु साखळी तोडल्याची घोषणा ज्या वह्यांच्या आधारे होते, त्या क्लाराच्या आहेत. पांचाला वही नाही, भूतही नाही. तिच्या वाट्याला आला तो सूडाने पेटलेला नातू.

पिंडाला कावळा शिवला नाही तर काही राहून गेले, हे मराठी वाचकाला शिकवावे लागत नाही. ‘जादुई वास्तववाद’ ही चिठ्ठी डकवून मोकळी होणारी समीक्षा मात्र नेमके हेच विचारीत नाही. त्रुएबांच्या घरात प्रत्येक मृताची पाने मांडली आहेत; त्रेस मारियासच्या कुळांसाठी एकही पान वाढलेले नाही.