एकच जागा, चार कन्सल्टन्सींचे फोन. ‘हो’ कोणाला म्हणावे?

नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल अपडेट केले की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. सकाळी नोएडाहून, दुपारी बेंगळूरुहून, संध्याकाळी पुण्यातूनच. ‘हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत जागा आहे, रेझ्युमे पाठवा,’ एवढेच प्रत्येकाचे म्हणणे. कंपनीचे नाव विचारले तर ‘शॉर्टलिस्ट झाल्यावर सांगतो’ असे उत्तर मिळते. चौघांकडे रेझ्युमे गेला म्हणजे संधी चौपट, असे उमेदवाराला वाटते. पण चौघांकडची जागा अनेकदा एकच असते आणि घोळ तिथेच होतो.

एकाच जागेसाठी दोनदा नाव गेले तर?

मोठ्या कंपन्या आलेले अर्ज ‘एटीएस’ या संगणक प्रणालीत नोंदवतात. ई-मेल, मोबाइल क्रमांक यांवरून ही प्रणाली उमेदवार ओळखते. एका कन्सल्टन्सीने नाव नोंदवले की ठरावीक मुदतीपर्यंत, अनेक ठिकाणी काही महिने, तो उमेदवार तिच्यामार्फत आलेला मानला जातो. दुसरीकडून तेच नाव आले की ‘डुप्लिकेट’ असा शेरा पडतो. काही कंपन्या आधी आलेला अर्ज ग्राह्य धरतात. काही ठिकाणी मात्र फी कोणाला द्यायची हा वाद नको म्हणून उमेदवारालाच बाजूला ठेवले जाते. हे त्याला सहसा कोणी कळवत नाही. तो आपल्या रेझ्युमेत काय कमी पडले, हेच शोधत बसतो.

रिक्रूटरला एवढी घाई का असते?

आपल्याकडे कन्सल्टन्सीची प्रचलित फी वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी असते. १२ लाखांच्या सीटीसीवर सुमारे १ लाख रुपये. ती कंपनी देते आणि सहसा उमेदवार रुजू झाला तरच. त्यातही अनेक करारांत ठरावीक काळाची, बहुतेकदा ९० दिवसांची अट असते. तेवढ्यात उमेदवार सोडून गेला तर दुसरा उमेदवार विनामूल्य द्यावा लागतो. एकच जागा चार-पाच कन्सल्टन्सींकडे गेली की मेहनत सगळ्यांची आणि फी एकाची. म्हणून ‘आधी नाव नोंदवा’ ही धावपळ. यात रिक्रूटर वाईट असतो असे नाही. पण त्याची फी कंपनी देते, हे उमेदवाराने विसरू नये.

मग एकाच कन्सल्टन्सीला धरून राहावे का?

नाही. कन्सल्टन्सी कितीही चालतील, पण एका कंपनीतल्या एका जागेसाठी एकच. त्यासाठी कंपनीचे नाव, पद आणि कामाचे ठिकाण कळल्याशिवाय रेझ्युमे पुढे पाठवायला होकार देऊ नये. होकारही लेखी हवा. ‘अमुक कंपनीतील अमुक पदासाठी माझा रेझ्युमे पाठवण्यास संमती आहे. इतर कोणत्याही जागेसाठी आधी विचारावे,’ एवढा ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरतो. त्याच कंपनीत ओळखीच्या कर्मचाऱ्याने तुमचे नाव आधीच सुचवले असेल किंवा तुम्ही स्वतः अर्ज केला असेल, तर रिक्रूटरला तसे सांगून टाकावे.

मोबाइलमध्येच एक छोटी यादी ठेवावी : तारीख, कन्सल्टन्सी, कंपनी, पद आणि सांगितलेला अपेक्षित पगार. एकाला १२ लाख आणि दुसऱ्याला १५ लाख सांगितले आणि दोन्ही आकडे एकाच एचआरच्या टेबलावर पोहोचले, तर पगाराच्या बोलणीत तुमचीच बाजू लंगडी पडते.

कंपनीचे नाव न सांगण्यामागे रिक्रूटरचेही कारण नसते का?

असते. नाव कळताच काही उमेदवार परस्पर कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करतात आणि रिक्रूटरची मेहनत पाण्यात जाते. ही भीती खरी आहे. पण त्यावर उमेदवाराला अंधारात ठेवणे हा उपाय नव्हे. रिक्रूटरने आधी नाव सांगावे आणि नाव कळल्यावर उमेदवाराने शब्द पाळावा. हातात दुसरी ऑफर असेल तर तीही लपवू नये. आयटीत ९० दिवसांची नोटीस सर्रास असते. तेवढा काळ झुलवत ठेवून ऐनवेळी रुजू न होणारे उमेदवारही या अविश्वासाला तितकेच जबाबदार आहेत.

पैसे किंवा कागदपत्रे मागितली तर?

अशा भरतीत फी कंपनी देते. त्यामुळे नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबावे. पहिल्याच फोनवर आधार, पॅन किंवा पगाराची स्लिप देण्याचेही कारण नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी.

बदल कोणी करायचा?

सगळा भार उमेदवारावर टाकणे अन्यायाचे आहे. एकच जागा पाच कन्सल्टन्सींना वाटणारी कंपनीच या गोंधळाचे मूळ आहे. नाव नोंदवताना उमेदवाराची लेखी संमती जोडण्याची सक्ती कंपनीने केली, तर बहुतेक ‘डुप्लिकेट’ तिथेच थांबतील. दोन नावे आलीच, तर बाद करण्याआधी उमेदवारालाच विचारावे. एका फोनचे काम आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यातही व्यक्तीच्या संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. रेझ्युमेत नाव, फोन, शिक्षण, नोकरीचा इतिहास असे सगळेच असते. तो कुठे जातो आहे, हे त्याच्या मालकाला माहीत असायलाच हवे.

नोकरीची निकड असताना ‘आधी नाव सांगा, मग पाठवा’ म्हणायला धीर लागतो. पण तेवढे एक वाक्य ऐकून जो रिक्रूटर फोन ठेवतो, त्याच्याकडून फार काही गमावलेले नसते.