खाते जोडले जात नाही, तेव्हा…

कसबा पेठेतील तांबट आळीच्या परिसरात आज तांब्याचा लहानसा गडूदेखील क्यूआर कोडवर विकला जातो. त्याच पेठेतील एखाद्या व्यापारी घरातील ज्येष्ठ गृहिणी आपले बचत खाते मोबाइलशी जोडू पाहते आणि उत्तर येते : या क्रमांकाशी संलग्न खाते आढळले नाही. पासबुक हातात, रक्कम शिल्लक. तरी खाते ‘नाही’! घरातील मंडळी ॲपला दोष देतात. दोष बहुधा तेथे नसतो.

यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केली. तिच्यात खातेदाराची ओळख पटते ती मोबाइल क्रमांकावरून. फोनमधील सिमकार्डावरून एक एसएमएस जातो. तो क्रमांक बँकेच्या नोंदीशी जुळला तरच खाते दिसते. व्यापारी कुटुंबांत नेमके येथेच अडते. खाते उघडताना आई, काकू, सून अशा सर्वांच्या अर्जावर दुकानाचा किंवा थोरल्या मुलाचा क्रमांक लिहिला जातो. पुढे तो क्रमांक बंद होतो. नोंद मात्र तशीच राहते. बंद क्रमांक कालांतराने परक्या ग्राहकास मिळू शकतो आणि खात्याचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून ही केवळ गैरसोय नव्हे, तर जोखीम आहे.

प्रथम साध्या गोष्टी तपासाव्यात. दोन सिमकार्डे असल्यास योग्य कार्डाची निवड झाली आहे का? एसएमएस पाठविण्याइतके रिचार्ज आहे का? त्यानंतरही अडल्यास खातेदाराने ओळखपत्रासह शाखेत जाऊन क्रमांक बदलण्याचा अर्ज द्यावा व पोच घ्यावी. केवायसी अपुरी असल्यास किंवा दोन वर्षे व्यवहार न झाल्याने खाते निष्क्रिय झाले असल्यास तेही त्याच फेरीत मार्गी लावावे. दोघांच्या एकत्रित सहीने चालणारे खाते यूपीआयला जोडता येते का, हे बँकेलाच विचारावे. तेथे ॲप पुन्हा पुन्हा भरून उपयोग नाही.

खाते दिसल्यावर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक व मुदत भरून पिन ठरवावा. कार्ड नसल्यास अनेक बँकांत आधारचा पर्याय असतो. मात्र आधारलाही तोच मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. नव्या नोंदणीनंतर पहिल्या २४ तासांत साधारणतः ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. तो बिघाड समजू नये.

मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधणे टाळावे. तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागील बाजूस पाहावा. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही नाही. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे. लेखी तक्रारीवर बँकेकडून ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

दिवाळीत वहीपूजन होते, नवी वही उघडली जाते. तिच्या पहिल्या पानाआधी घरातील प्रत्येक खाते आणि त्यापुढील मोबाइल क्रमांक एकदा पडताळून पाहावा. ज्याचे खाते, त्याचाच क्रमांक, हा नियम पाळावा. घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या नावावर पैसे असतात. त्या पैशांची किल्लीही तिच्याच हाती असावी.