विरोध आला म्हणजे बदल फसला असे नव्हे

मंडळीत बदल करायचा म्हटले की आपले सगळे लक्ष योजनेवर असते. पास्टोरेट कमिटीत ठराव होतो, रविवारी सूचना वाचली जाते, उपासना साडेदहाऐवजी नऊला सुरू होते. दोन-तीन रविवार बरे जातात आणि मग कुरबुर सुरू होते. अशा वेळी पाळक एकतर निर्णय गुंडाळतो, नाहीतर कुरबुर करणाऱ्यांशी बोलणेच टाकतो. दोन्हींच्या मुळाशी विरोधाचा चुकीचा अर्थ आहे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही रुग्णालयात ठेवून निरीक्षणे केली. घरातल्या एकाने आपली रीत बदलली की बाकीचे त्याला नकळत जुन्या जागी ओढतात, असा त्यांच्या विचाराचा एक गाभा आहे. रब्बी एडविन फ्रीडमन यांनी १९८५ साली ‘जनरेशन टू जनरेशन’ या ग्रंथात हीच दृष्टी चर्च आणि सिनेगॉगला लावली. त्यानुसार, विरोध हा अनेकदा बदल मुरू लागल्यावर येतो. तेव्हा पाळकाची खरी कसोटी पटवून देण्यात नसते. भूमिकाही सोडायची नाही आणि माणसेही सोडायची नाहीत, यात असते.

हे रोजच्या कामात कुठे दिसते? “पाळकसाहेब, माझं काही नाही, पण लोक म्हणतात...” दोघांमधला ताण असा तिसऱ्याच्या गळ्यात पडतो. पाळक निरोप्या झाला की मूळचे दोघे समोरासमोर येतच नाहीत. लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात वतनाच्या वाटणीसाठी भावाला सांगा अशी गळ एक जण येशूला घालतो. येशू वाटणी करणारा व्हायला नकार देतो आणि लोभाविषयी सावध करतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये विधवांच्या वाढपाची तक्रार येते. प्रेषित ती दाबत नाहीत आणि पंगत सांभाळण्याचे कामही स्वतःकडे घेत नाहीत. सात जण निवडायला मंडळीलाच सांगतात.

आपली भूमिका धरून राहण्याची ही दृष्टी म्हणजे परका व्यक्तिवाद आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. पण आपल्या कित्येक जुन्या मंडळ्यांत वडील, खजिनदार आणि गायनमंडळातले लोक एकमेकांचे सोयरे असतात. उपासनेच्या वेळेवरून पेटलेला वाद जुन्या सोयरिकीतला असू शकतो. इथे ही दृष्टी उलट अधिकच लागू पडते. दुसरा आक्षेप गंभीर आहे: सगळेच गुंतलेले आहेत असे म्हटले की पैसे खाणारा किंवा छळ करणारा मोकळा सुटतो. हा आक्षेप मान्यच करायला हवा. तिथे हिशेबतपासणी आणि पोलीस हवेत. पाळकाचा शांतपणा पुरेसा नाही. तिसरा आक्षेप आपल्यावरच येतो. विरोध म्हणजे यशाची खूण, असे म्हणत हटवादी पाळक कोणाचेच ऐकणार नाही. म्हणून तक्रारीत माहिती आहे की नुसता दबाव, हे तपासावे. वस्तीवरची पहिली एसटी साडेनऊला पोचत असेल, तर वेळ बदलण्यात कमीपणा नाही. ‘आजवर असे कधी झाले नाही’ एवढेच म्हणणे असेल, तर निर्णय टिकवावा.

यापुढे ठराव मंजूर झाला की पहिल्या आठवड्यातल्या घरभेटी विरोधात मत देणाऱ्यांकडेच ठेवाव्यात. तिथे निर्णयाची वकिली करू नये, फक्त ऐकावे. बाजूने मत देणाऱ्यांकडे त्यानंतर गेले तरी चालते.