शाईचा डाग ज्याचा त्याने काढावा

चौथीत आल्यावर आम्हाला पेन मिळाले. तिसरीपर्यंत शिसपेन्सिल होती, तेव्हा काही त्रास नव्हता. पेन आले तसे डागही आले. कोणाच्या खिशाला निळा ठिपका, कोणाच्या बाहीला रेघ, कोणाच्या स्कर्टवर तर जिल्ह्याचा नकाशाच! मला वाटते की, शाईचा डाग ज्याने पाडला त्यानेच तो काढावा. आईवर किंवा बहिणीवर टाकू नये.

पहिले कारण पाण्याचे आहे. आपला गाव समुद्राकाठी. मे महिन्यात खाडीजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. मचूळ पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही. मग गोडे पाणी लांबून आणावे लागते. ते कोण आणते? आईच आणते. आपण एका मिनिटात डाग पाडतो आणि आईची कळशीभर पाण्याची खेप वाढते.

दुसरे कारण वेळेचे आहे. डाग ओला असतो तोवर लवकर निघतो. सुकला की धाग्यात बसतो. आईला तो संध्याकाळी दिसतो, पण आपल्याला तर तेव्हाच कळतो ना? मग तेव्हाच पाण्याकडे जावे.

तिसरे कारण माझ्या घरचे आहे. माझा भाऊ सातवीत आहे. त्याच्या शर्टाचे डाग माझ्याकडे येतात. का म्हणून विचारले तर म्हणतो, "कपडे धुवचा काम चेडवांचा." मी म्हणते, पेन धरायला हात चालतो, तर साबण धरायला का नाही? शाईला मुलगा-मुलगी काही कळत नाही.

आता डाग कसा काढावा ते सांगते. आधी शाई कोणती ते ओळखावे.

शाईपेनातली, म्हणजे दौतीतली शाई पाण्यात विरघळते. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी शाईची पूड करून विकायला सुरुवात केली. ती पुढे कॅमलिन कंपनी झाली. पूड पाण्यात घातली की शाई तयार होई. जे पाण्यात विरघळते ते पाण्यानेच जाणार! म्हणून कापड उलटे धरून मागच्या बाजूने थंड पाणी सोडावे, मग साबण लावावा. पांढऱ्या कापडावर थोडा डाग राहिला तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावे. रंगीत कापडाला लिंबू लावू नये, रंग फिका होतो. लोखंडाच्या गंजाचा डाग असेल तर आपल्या परड्यातले आंबटढाण बिंबल चोळावे. त्यातले आम्ल गंज काढते.

बॉलपेनची शाई तेलकट असते. तिला नुसते पाणी लावून काही होत नाही. तिला स्पिरिट लागते. २०२० साली करोना आला तेव्हा घरोघरी सॅनिटायझर आले. त्यातही तसेच अल्कोहोल असते. डागाखाली जुने फडके ठेवावे, कापसाने सॅनिटायझर लावून हळूहळू टिपावे. जोराने घासू नये, घासले की डाग पसरतो. फडके निळे झाले की दुसरे घ्यावे, मग साबणाने धुवावे. हे काम मोठ्या माणसाला विचारून, चुलीपासून लांब करावे, कारण स्पिरिट पेट घेते.

जेल पेनचा डाग फार हट्टी. त्याचे रंगाचे बारीक कण धाग्यात अडकतात. तो लगेच धुतला तर थोडा तरी फिका होतो. डाग जाईपर्यंत शर्टाला इस्त्री करू नये, उष्णतेने डाग पक्का होतो. आणि विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर गणवेशावर टाकू नये. डागाबरोबर गणवेशाचा रंगही जाईल.

एक शाई मात्र जाऊच नये म्हणून केलेली आहे. मतदानाच्या दिवशी मोठ्या माणसांच्या बोटाला लावतात ती. ती म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते आणि १९६२ सालच्या निवडणुकीपासून वापरतात. त्यात सिल्व्हर नायट्रेट असते. ते उजेडात काळे पडते. नखावरचा तो डाग नख वाढेपर्यंत राहतो. तो कोणी घासत बसू नये!

काही जण म्हणतील, लहान मुलांना डाग काढता येत नाही. पण आपल्याला झोळ्यातून काजू गोळा करता येतात, अंगणात सारवता येते, मग एक ठिपका धुता येणार नाही काय? पूर्ण नाही गेला तरी अर्धा जाईल. उरलेला अर्धा आईने पाहिला तर तिचे कामही अर्धेच होईल.

शेवटी दोन विनंत्या. मुलांनो, गणवेशाचे जोड दोनच असतात. एक वाळत असेल आणि दुसऱ्यावर डाग असेल, तरी शाळा चुकवू नका. डागाचा शर्ट घातला म्हणून पाढे अडत नाहीत. हसणाऱ्यांनी हसू नये, उद्या त्यांचेही पेन गळेल. आणि पालकांनो, डागासाठी मुलांना मारू नका. मार बसला की मुले डाग लपवतात, आणि लपवलेला डाग सुकतो. त्यापेक्षा बादली आणि साबण पुढे करा. मुलग्यांच्याही पुढे करा.

— इयत्ता ४ थी मधील एक विद्यार्थिनी