मोडायच्या गाडीला दुसरे इंजिन!

आपल्याकडे पूर्वी एडक्यांच्या टकरी लावीत. अमेरिकेत काउंटीच्या जत्रांतून मोटारींच्या लावतात. चिखलाच्या रिंगणात जुन्या गाड्या एकमेकींवर आदळतात आणि शेवटपर्यंत चालती राहील ती जिंकते. हे ऐकताच आमचे सुसंस्कृत मित्र नाक मुरडतात : "केवढी नासाडी! आणि असल्या गाडीत दुसरे इंजिन बसवतात म्हणे. शुद्ध वेडेपणा!"

वेडेपणा? या शहाण्यांनी कधी बॉनेट उघडून पाहिले आहे काय? चेपायचा असतो तो पत्रा. पुढचे रेडिएटर आणि इंजिन वाचावे म्हणून धडकही शक्यतो पाठीनेच मारतात. मग टाकी शेपटाखाली ठेवून कसे चालेल? ती काढून छोटी टाकी आत, मागच्या सीटच्या जागी जखडतात. खेळ संपला की सांगाडा भंगारात जातो. धड राहिलेले इंजिन साखळीच्या कप्पीने उचलून दुसऱ्या सांगाड्यात बसवतात. हे काही उशीला अभ्रा घालणे नव्हे! माउंटिंग जुळायला हवीत, गिअरबॉक्सची भोके एकास एक यायला हवीत. शेव्हरोलेच्या 1955 सालच्या लहान व्ही-आठ इंजिनाची ही भोके पुढे कित्येक दशके तीच राहिली, म्हणून बापाच्या गाडीतले इंजिन लेकाच्या गाडीत जाऊ शकते. याला नासाडी म्हणायचे?

नाक मुरडणाऱ्यांपैकीच एकाने परवा दारावर ओरखडा उठला म्हणून धडधाकट गाडी विकली. मी विचारले, "इंजिनाला काय झाले होते?"

"ते कोण पाहतो!" म्हणाला.